पाण्यात ठेवलेले देव

आप्पांना आयसीयूत हलवल्याच्या तिसऱ्या दिवशी आईने देव पाण्यात घातले.

आपण हे किती सहज बोलून जातो. मुलीचा निकाल लागायचा असतो, मॅचचं शेवटचं षटक असतं, आणि आपण म्हणतो, देव पाण्यात घालून बसलोय. ते खरोखर घालतात, हे मी वयाच्या ४८ व्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. सप्टेंबर होता, साताऱ्यात पाऊस ओसरत आला होता. अंघोळीपुरती हॉस्पिटलमधून घरी आले, तर देव्हारा रिकामा. खालचं लाल कापड तेवढं होतं आणि त्यावर टाक असायचे तिथे फिकट चौकोन उमटलेले. समोर पाटावर स्टीलचं मोठं पातेलं, काठोकाठ पाणी आणि तळाशी सगळे. घोड्यावरचा खंडोबा, मागे म्हाळसा, हा आमच्या कुलदैवताचा, पालीच्या खंडोबाचा चांदीचा टाक. तुळजाभवानीचा टाक, जोतिबाचा टाक. एक गुडघा टेकून रांगणारा पितळी बाळकृष्ण. हातात पळी धरलेली अन्नपूर्णा. पिंड, आणि तिच्यापासून सुटून कलंडलेला नंदी. बाळकृष्णाच्या कानाशी हवेचा एक बुडबुडा अडकून राहिला होता. मी त्याच्याकडे बघत बराच वेळ उभी होते.

"डबा भरून ठेवलाय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. देवांबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

मी देव मानत नाही, असं विशीत घरी सांगून टाकलं होतं. त्याचा कुणी बाऊ केला नाही. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. गाडीत चढताना पायरीला हात लावून कपाळाला न्यायचे, सीटवर बसले की स्टिअरिंगला नमस्कार करायचे. पण त्याआधी गाडीला एक फेरी मारून चारी बाजूंनी टायर ठोकून बघायचे, वाकून खाली कुठे ऑइल गळतंय का बघायचे, ब्रेक दाबून बघायचे. लहानपणी त्यांच्यासोबत खंबाटकी घाटातून जाताना मला वाटायचं, गाडी यातल्या नक्की कशामुळे नीट चाललीय? आप्पांना हा प्रश्न पडलेला मी कधी पाहिला नाही. त्यांनी दोन्ही केलं, ३१ वर्षं, आणि निवृत्त झाले.

पुढे पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले आणि 'मानत नाही'वरून हळूहळू 'माहीत नाही'वर आले. लोकांना हे उत्तर आवडत नाही. आस्तिकांना वाटतं ही भितेय कबूल करायला, आणि नास्तिक मित्रांना वाटतं ही भितेय नाकारायला. मला मात्र हे उत्तर माझ्या कामाने दिलं, आणि ते मी घाबरून दिलेलं नाही, हे मला इथे नीट सांगायचं आहे.

मलेरियासाठी रक्त येतं तेव्हा काचेवर त्याचा जाड थेंब घेतात, तो रंगवतात आणि ऑइल इमर्शनखाली हजारपट मोठा करून बघतात. भिंगातून एका वेळी दिसतो तो छोटा गोल, त्याला आम्ही फील्ड म्हणतो. असे शंभर फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नसतं. नव्वद बघून मान दुखली म्हणून उठायचं नसतं. आणि शंभर बघूनसुद्धा रिपोर्टवर 'मलेरिया नाही' असं कुणी लिहीत नाही. 'परजीवी आढळले नाहीत' असं लिहितात. नवीन लागलेल्या पोरी विचारतात, दोन्ही एकच ना? एकच नाही. पहिलं वाक्य पेशंटबद्दल आहे, दुसरं माझ्या शोधण्याबद्दल आहे. ताप पुन्हा चढला तर पुन्हा रक्त पाठवा, एवढी जागा त्या दुसऱ्या वाक्यात शिल्लक असते.

आप्पांचं ब्लड कल्चर दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी पाठवलं होतं. त्या बाटल्या मशीनमध्ये उबेला ठेवतात, आणि रक्तात जंतू असला तर त्याला वाढायला पाच दिवस देतात. पाच दिवसांनी रिपोर्ट आला. नो ग्रोथ. काही उगवलं नाही. असे शेकडो रिपोर्ट मी माझ्या हाताने टाइप केलेत, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दोन शब्दांचा मला राग आला. कारण आप्पांचं बीपी औषधांवर कसंबसं टिकलं होतं, छातीच्या एक्स-रेत पांढरा ढग खाली उतरत होता आणि पांढऱ्या पेशी चढत होत्या. डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिक आधीच सुरू झालं होतं, म्हणून बाटलीत उगवलं नसेल. इन्फेक्शन आहेच.

दिसत नाही, पण आहेच. हे वाक्य मी देवळात ऐकलं असतं तर वाद घातला असता. तिथे मान हलवली.

माझा नवरा संस्कृत शिकवतो. आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकावर रात्र काढायची असते तेव्हा माणसं काहीही बोलतात. त्या रात्री त्याने मला उदयनाचार्यांची गोष्ट सांगितली. हजारएक वर्षांपूर्वी मिथिलेत होऊन गेलेला हा नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचा, तर्काचा पंडित. ईश्वर आहे हे तर्काने सिद्ध करायला त्याने 'न्यायकुसुमांजली' हा अख्खा ग्रंथ लिहिला. समोर वादाला चार्वाक होते, ज्यांना डोळ्यांनी दिसेल तेवढंच मान्य. ते म्हणणार, ईश्वर दिसत नाही, म्हणून नाही. उदयनाचं उत्तर असं की, न दिसण्यावरून नसणं ठरवायचं, तर ती वस्तू असती तर दिसली असती, अशी असायला हवी. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कळतं, कारण असता तर दिसलाच असता. याला ते योग्यानुपलब्धी म्हणतात. जे मुळात दिसण्याजोगंच नाही, ते दिसलं नाही यावरून काहीच ठरत नाही. नाहीतर, उदयन म्हणतो, हा बिचारा चार्वाक घराबाहेर पडला की त्याला बायकामुलं दिसणार नाहीत. मग ती नाहीतच असं धरून त्याने रस्त्यात छाती पिटून रडायला हवं.

मी नवऱ्याला म्हटलं, हे तर आमच्या लॅबमध्ये शिकवतात. शंभर फील्डचा नियम म्हणजे दुसरं काय? असता तर एवढ्यात दिसला असता, असं म्हणता येण्याइतकं बघा, मग बोला.

पण त्याच बाकावर मला उदयनाच्या बोलण्यातली अडचणही दिसली. अनुमानाचं जुनं उदाहरण म्हणजे डोंगरावरचा धूर. धूर दिसला की आग आहे हे न बघता कळतं, कारण आपल्या चुलीपासून आपण हजार वेळा धूर आणि आग एकत्र पाहिलेले असतात. डॉक्टरांनी ढग आणि बीपी बघून 'इन्फेक्शन आहेच' म्हटलं, त्यालाही आधार होता. अशी हजारो माणसं त्यांच्या आधी कुणीतरी पाहिली होती. उदयन म्हणतो, घडा आहे तर कुंभार असणारच, जग हेही घडवलेलं, तर त्याचाही कर्ता असणार. घडे आणि कुंभार आपण एकत्र पाहिलेत. जगं किती पाहिलीत? हे एकच. तेही आतून. एका स्लाइडवरून नियम बांधायचा नसतो, हे मला कुणी शिकवायला नको.

म्हणजे नसल्याचा रिपोर्ट देता येत नाही, आणि असल्याचाही देता येत नाही. मला ही कुठली सोयीची मधली जागा वाटत नाही. हातात नमुनाच नाही, आणि नमुना नसताना रिपोर्ट लिहिणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत मोठा गुन्हा आहे.

उदयनाचीच एक आख्यायिका आहे. जगन्नाथपुरीला तो दर्शनाला गेला आणि मंदिराचं दार बंद. तेव्हा तो देवाला म्हणाला, ऐश्वर्याच्या मदात तू माझा अपमान करतोस, पण बौद्ध वादाला उभे राहिले की तुझं असणं माझ्या हातात आहे. आयुष्यभर देव सिद्ध करणारा माणूस बंद दारासमोर असा चिडतो, याने मला त्या रात्री रडू आलं. आयसीयूचं दारही बंदच होतं. भेटायची वेळ सकाळी अकरा.

नवव्या दिवशी आप्पा गेले. पहाटे, साडेचारच्या सुमाराला.

घरी आणलं, नेलं, माणसं आली, माणसं गेली. संध्याकाळी कोपऱ्यातल्या पातेल्याकडे सगळ्यांचं एकदमच लक्ष गेलं. देव पाण्यातच होते. आणि आता सुतक लागलं होतं. आई, भाऊ, वहिनी, चुलते, कुणीच देवांना हात लावू शकत नव्हतं. चुलती म्हणाली, शेजारच्या कुणाला तरी सांगू, त्यांना सुतक नाही, ते काढून ठेवतील देव्हाऱ्यात.

"राहू देत," आई म्हणाली.

चौथ्या दिवशी चुलतीला आठवलं. आमच्याकडे लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीनच दिवस धरतात. माझं फिटलं होतं. म्हणजे त्या घरात देवाला हात लावायचा अधिकार असलेली मी एकटीच उरले होते, आणि देव न मानणारीही मी एकटीच. मी आईकडे बघितलं. चुलतीला म्हटलं, "मी नाही काढणार. माझा विश्वास नाही, माझ्या हाताने कशाला?" मला तेव्हा ते प्रामाणिकपणाचं वाटलं होतं.

"असू दे," आई म्हणाली. "मीच घातल्यात त्यांना पाण्यात. मीच काढीन."

दहाव्याला घाटावर एक गृहस्थ भावाशी बाजूला जाऊन बोलले. आप्पा पंचकात गेलेत, शांती केली नाही तर घरातून आणखी चार जातात, अकरा हजारांत सगळं करून देतो. भावाला दोन लहान मुलं आहेत. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा आप्पा गेले तेव्हापेक्षा वाईट झाला होता.

इथे मला 'माहीत नाही' म्हणायचं काहीच कारण नव्हतं. मी त्याला घाटाच्या पायरीवर बसवलं आणि पत्रावळीच्या गठ्ठ्याच्या कागदावर हिशेब करून दाखवला. चंद्र २७ नक्षत्रांतून फिरतो, त्यातली शेवटची पाच म्हणजे पंचक. दर महिन्याला साधारण पाच दिवस. म्हणजे जगात जेवढी माणसं मरतात त्यांतला दर पाच-सहांमधला एक पंचकातच मरतो. प्रत्येकाने मागे चार-चार नेले असते तर कुठल्याही गावात दिवा लावायला माणूस उरला नसता. भाऊ कागदाकडे बघत राहिला. मग त्याने तो घडी करून खिशात ठेवला. शांती केली नाही.

आमच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर हेच सांगत गावोगाव फिरले. देवधर्माला आमचा विरोध नाही, त्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, ही रेघ ते प्रत्येक सभेत आखायचे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेले असताना पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर काही दिवसांतच, कित्येक वर्षं अडून राहिलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. ती रेघ मला आजही बरोबर वाटते, पण ती कुठे पडते ते मी माझ्या शब्दांत सांगेन. जो दावा या जगात येऊन काहीतरी घडवतो, ताप उतरवतो, चार माणसं नेतो, तो काचेवर घेता येतो. तिथे बघायचंच, शंभर फील्ड बघायचे आणि जे असेल ते स्पष्ट लिहायचं. 'श्रद्धेचा प्रश्न आहे' म्हणून तिथे गप्प बसणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही, कारण त्या गप्प बसण्याची किंमत माझ्या भावासारखा कुणीतरी मोजत असतो. आणि हे सगळं असण्याच्या मुळाशी कुणी आहे का, हा जो दुसरा प्रश्न, तो काचेवर मावत नाही. त्याला मी तेवढाच स्पष्ट रिपोर्ट देते, की मला माहीत नाही.

गोपाळ गणेश आगरकरांना अज्ञेयवादी म्हणतात. अज्ञेयवादी म्हणजे कोमट माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी आगरकरांकडे बघावं. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, आणि १८९५ मध्ये ते दम्याने गेले तेव्हा अवघे ३८ वर्षांचे होते. स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी बाजूला काढून ठेवले होते, कुणावर भार नको म्हणून. परलोकाबद्दल काही ठाऊक नाही म्हणणाऱ्या माणसाने इहलोकातला हिशेब इतका चोख ठेवला.

बारा दिवसांतल्या एका रात्री, बहुतेक आठवी असेल, मला झोप येईना. उठून पाणी प्यायला गेले आणि पातेल्याजवळ थांबले. डेंग्यूचे दिवस होते, लॅबमध्ये रोज प्लेटलेटचे नमुने येत होते. साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाका, एक दिवस कोरडा पाळा, हे आम्हीच लोकांना सांगतो. इथे चौदा दिवसांचं पाणी. त्याच्यावर पातळ तवंग आला होता, हळदीचा की धातूचा कळेना. मी पातेलं उचलून मोरीत नेलं. देव तळाशी हाताने धरून पाणी कलंडवलं. बाळकृष्ण माझ्या अंगठ्याखाली होता, गार आणि बुळबुळीत. नवीन पाणी घातलं, तेही पुन्हा ओतलं, मग तिसऱ्यांदा भरलं आणि वर स्वच्छ पंचा बांधून पातेलं जागेवर नेऊन ठेवलं. मागे वळले तर आई अंथरुणात उठून बसलेली होती. अंधारात तिचा चेहरा दिसला नाही. आम्ही दोघीही काही बोललो नाही.

मी ते डासांसाठी केलं. आजही विचारलंत तर हेच सांगेन, आणि तेच खरं आहे.

तेरा दिवस मनात मोजताना मला सारखे तुकाराम आठवत होते. देहूला अभंगाच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि ते काठावर शिळेवर धरणं धरून बसले. तेरा दिवस. त्यांचाच अभंग आहे, 'तेरा दिवस जाले निश्चक्र करितां'. तेरा दिवस झाले उपाशी आणि तू येत नाहीस. वह्या तेराव्या दिवशी तरल्या असं परंपरा सांगते. मला मात्र त्यात सगळ्यांत खरी वाटते ती त्यांची मोजणी. देव येईल याची खात्री असलेला माणूस दिवस मोजत नाही, आणि येणारच नाही याची खात्री असलेलाही मोजत नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात याच माणसाची पहिली बायको 'अन्न अन्न' करत गेली होती. 'माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल' हेही तेच म्हणाले. माझ्यापुरता तो मेला, ज्याच्यासाठी असेल त्याच्यासाठी असो. आणि आणखी एका ठिकाणी, 'आहे ऐसा देव वदवावी वाणी, नाहीं ऐसा मनीं अनुभवावा'. वाणीने आहे म्हणायचं, मनात नाही असं अनुभवायचं. जाणकार याचा अद्वैताकडे जाणारा अर्थ लावतात आणि तो बरोबरच असेल. मला ती ओळ आमच्या घरातल्या दोन माणसांसारखी वाटते, एक आई आणि एक मी. तुकोबांच्या एका पोटात ती दोन्ही मावली.

चौदाव्या दिवशी सकाळी आईने न्हाऊन पातेलं समोर ओढलं. एकेक देव बाहेर काढला. पितळ काळवंडलं होतं, अन्नपूर्णेच्या पळीच्या वळणात हिरवट धरलं होतं. आईने चिंच भिजत घातली होती. ती चिंचेच्या कोळाने बाळकृष्णाची पाठ घासत होती, जशी मुलाची घासतात, मानेच्या मागे, काखेत, गुडघ्याच्या खाली. टाक रांगोळीच्या बारीक पुडीने उजळले. खंडोबाच्या घोड्याचे पाय पुन्हा दिसायला लागले. एकूण एकोणीस दिवस ते पाण्यात होते आणि ज्याच्यासाठी होते, त्याचा फोटो हार घालून बाजूच्या भिंतीवर होता.

मला राहवलं नाही. "आई, एवढं होऊनसुद्धा?"

तिला मी काय विचारतेय ते लगेच कळलं. "मग काय त्यांना तसंच ठेवू?" ती म्हणाली. रागाने नाही, मला असा प्रश्न का पडावा हे तिला खरंच समजलं नव्हतं. तिने नंदी पुसला आणि पिंडीसमोर ठेवला.

तेव्हापासून मी एका शब्दापाशी अडकले आहे. आपण मराठीत विचारतो, तुम्ही देव मानता का? देव आहे हे तुम्हाला माहीत आहे का, असं कुणी विचारत नाही. जाणणं वेगळं आणि मानणं वेगळं. जाणण्याचं तर आपण देवावरच सोपवून मोकळे होतो. काही कळेनासं झालं की म्हणतो, देव जाणे! ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताने तेवढंही ठेवलं नाही. ही सृष्टी कुठून आली हे तो वरचा अध्यक्ष जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल, असं म्हणून ते सूक्त संपतं. मी वाचलेल्यांत याहून प्रामाणिक रिपोर्ट नाही.

मानणं मात्र माणसाचं काम. मानलेला भाऊ असतो, त्याला राखी बांधतात, आणि तो खोटा भाऊ आहे असं कुणी म्हणत नाही. त्याचं भाऊपण रक्तात तपासत नाहीत. तो अडीअडचणीला येतो का, आपण त्याच्या दारी जातो का, यावर ते उभं असतं. 'गोड मानून घे' म्हणतो तेव्हा समोरचं गोड आहे की नाही हा मुद्दाच नसतो. पंढरपुरात आषाढीच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढतात, कारण आता देवाला झोप नाही, दर्शन रात्रंदिवस चालणार. उभं राहून पाठ दुखेल म्हणून मागे लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजेला गरम पाण्याने न्हाऊ घालतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, शीण जावा म्हणून काढा देतात. कुणी म्हणेल, दगडाला कसला शीण? ते वारकऱ्याला ठाऊक नाही असं आहे का? 'मानला तर देव, नाहीतर दगड' ही म्हण आपल्याकडे कुण्या नास्तिकाने आणली नसावी. माझी आजी ती म्हणायची, देवापुढे वात लावता लावता.

मला हे पटतं, आणि तरी पुरतं पटत नाही. कारण मानलेल्या भावालाही हाडामांसाचा माणूस लागतो. नसलेल्या माणसाला भाऊ मानता येत नाही. मग हे मानणं नेमकं कुणाला? आईला हा प्रश्न पडत नाही, मला पडतो. तिला पडत नाही यावरून तो चुकीचा ठरत नाही, आणि मला पडतो यावरून तिचं उत्तर चुकीचं ठरत नाही. चौथ्या दिवशी मी 'माझा विश्वास नाही' म्हणून हात मागे घेतला, ते मला आता तितकंसं प्रामाणिक वाटत नाही. आई माझा विश्वास मागतच नव्हती. तिला हात हवा होता. रिपोर्ट कुणी मागितला नव्हता आणि मी तो देऊन टाकला.

या जानेवारीत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भाऊ तिला पुण्याला घेऊन गेला होता. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, वाकायचं नाही, म्हणून पंधरा दिवस तिथेच. जाताना तिने किल्ली माझ्या हातात दिली. देवांचं काही सांगितलं नाही. मी लॅबला जायच्या आधी तिच्या घरी जाऊ लागले. मला मंत्र येत नाहीत. ताम्हनात घ्यायचे, पाणी घालायचं, पुसायचं, गंध लावायचं, जागच्या जागी ठेवायचे. लाल कापडावरच्या फिकट चौकोनांमुळे कोण कुठे ते चुकत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"देवांना पाणी घातलंस का गं?"

"घातलं."

"गार?"

"नळाचं."

"अगं, थंडी केवढी पडलीय. उद्यापासून कोमट घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसवर छोटं पातेलं ठेवलं. लक्ष नव्हतं, पाणी जरा जास्तच तापलं. बोट बुडवून बघितलं, मग त्यात थोडं गार मिसळलं आणि पुन्हा बघितलं.